मैदानाच्या कडेची खुर्ची

डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलंय आणि तरी मैदानाकडे गेल्याशिवाय ज्यांना करमत नाही, अशा मुलींसाठी हे लिहिते आहे. दुखण्याचं नाव काय, औषध कोणतं, हे तुमचे डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते मैदानाच्या कडेला बसण्याबद्दल. मी दोनदा बसले. पहिल्यांदा मला फसवून बसवलं होतं. दुसऱ्यांदा मी आपण होऊन गेले आणि वाईट वागले. दोन्ही जसं घडलं तसं सांगते.

सूज

मी मूळची कोल्हारची. प्रवरेच्या काठाला आमचा ऊस. मॅट्रिक झाल्यावर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कॉलेजसाठी नगरला आत्याकडे ठेवलं. अभ्यासात मी बेताचीच होते, पण पळायला लागले की हाती लागत नसे. नगरच्या एका मंडळाच्या खो-खोच्या संघात मला घेतलं आणि वर्षभरात असं झालं, की आमची पळती, म्हणजे पळायची पाळी, असली की लोक कडेचे दोर सोडून पुढे सरकायचे. पहिल्या तिघींत मी आत जायची आणि वेळ संपल्याची शिट्टी झाली तरी बहुधा आतच असायची. फुशारकी म्हणून सांगत नाही. माझ्या पायांवर किती जणांची भिस्त होती ते कळावं म्हणून सांगते.

आमचे सर एसटीनं कोल्हारला येऊन आण्णांना भेटले होते. मुलीनं अर्धी चड्डी घालून चारचौघांत पळायचं हे आण्णांना पटत नव्हतं. सर ओसरीवर बसून म्हणाले, "मुलगी माझ्या जबाबदारीवर द्या. तिला काही झालं तर मला विचारा." आण्णांनी त्या शब्दावर होकार दिला.

संघाची कप्तान कुंदा होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, नगरचीच. सामन्याआधी ती माझी वेणी घालायची, मी तिची. पाठलाग आमच्याकडे असला की मी खांबाजवळच्या शेवटच्या चौकात बसायची आणि कुंदा पळणारीच्या मागे खांबाकडे येऊ लागली की हळूच सांगायची, "डावी" किंवा "उजवी". पळणारी कुठे वळणार ते मला तिच्या खांद्यावरून कळायचं. कुंदा विचार न करता मी सांगेन तिकडे झेप घ्यायची.

त्या वर्षीच्या थंडीत माझा डावा गुडघा सुजायला लागला. पडले नव्हते, कुठे आपटले नव्हते. सकाळी सूज कमी असायची, सरावानंतर गुडघा पिठाच्या गोळ्यासारखा व्हायचा. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. चड्डीचा नाडा रोज थोडा जास्त आवळावा लागायचा. आत्या मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची आणि म्हणायची, "पोरी, हे मुरगळल्यासारखं दिसत न्हाई मला."

शेवटी सर मला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. कुंदाही आली. गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि त्या दोघांना आत बोलावलं. बराच वेळ गेला. सर बाहेर आले तेव्हा हसत होते.

"पाणी झालंय गुडघ्यात. पट्टी बांधून खेळायचं. आठवड्यात उतरेल."

मी कुंदाकडे पाहिलं. ती माझी पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "चल, चहा घेऊ."

त्या दिवसापासून तिनं मला पिशवी उचलू दिली नाही. सरावाच्या वेळी पाण्याची बादलीसुद्धा. मला वाटायचं, किती जीव लावते.

पहिल्यांदा बसले ते

जिल्ह्याचे सामने श्रीरामपूरला होते. दोन सामने मी पट्टी बांधून खेळले. दुसऱ्या सामन्यात खांबाला वळसा घेताना गुडघ्यात काहीतरी सरकलं आणि मी तिथंच बसले. उठता येईना. दोघींनी धरून बाहेर आणलं. मैदानात मी रडले नाही, पण उतरायला दिलेल्या शाळेच्या खोलीत गेल्यावर रडले, कारण दुसऱ्या दिवशी शेवटचा सामना होता.

सर खोलीत आले आणि माझ्याजवळ उकिडवे बसले. म्हणाले, "उद्या तू खेळायचं नाही. पण पूर्ण ड्रेस घालून कडेला बसायचं. हसायचं, टाळ्या वाजवायच्या. मी खूण केली की उठून हातपाय मोकळे करायचे, आता आत येणार असं दाखवायचं. तुला नुसतं उभं पाहिलं तरी त्यांचे पाय लटपटतील."

मला ते फार आवडलं, हे कबूल करते. मी दोनदा उठले. कुंदाच्या खांद्याचा आधार घेऊन, ओठ दाताखाली धरून उभी राहिले आणि हात वर ताणले. समोरच्या मुली आपसांत कुजबुजल्या, त्यांची मांडणी बदलली. आम्ही जिंकलो. फोटोत मला मधोमध बसवलं, हार घातला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "जखमी खेळाडूनं कसं वागावं ते शालनकडून शिका."

नगरला परतताना एसटीत मी पाय समोरच्या बाकावर ठेवून बसले होते. ठणका मांडीपर्यंत चढला होता आणि मी खुशीत होते.

कागद

त्यानंतर चार दिवसांनी आत्यानं कुणालाही न विचारता मला टांग्यात घातलं आणि मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी गुडघा दाबला, काखा तपासल्या, ताप पाहिला आणि विचारलं, "आधी कुठं फोटो काढलाय?"

मी सांगितलं. त्यांनी हॉस्पिटलच्या माणसाला सायकलवरून तिकडे पाठवलं. तासाभरात तो पिवळा लखोटा घेऊन आला. आत फोटो होता आणि सोबत एक कागद. डॉक्टर तो वाचत राहिले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाले, "दीड महिना झाला याला. तू खेळणं बंद केलं नाहीस?"

"मला पाणी झालंय म्हणून सांगितलं होतं."

"कुणी?"

"सरांनी."

त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. मग त्यांनी त्या इंग्रजी कागदातलं मला मराठीत सांगितलं. गुडघ्याच्या हाडाला क्षय असावा. पायावर भार देऊ नये. खेळ ताबडतोब थांबवावा. आईवडिलांना घेऊन यावं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की हे सर्व मुलीच्या शिक्षकांना आणि बहिणीला समजावून सांगितलं आहे.

"बहीण आलीय का तुझी?" डॉक्टरांनी विचारलं.

मला बहीण नव्हती. भाऊ होते तिघं. आत गेली होती ती कुंदा.

क्षय हा शब्द ऐकून आत्यानं तोंडाला पदर लावला. माझ्या डोक्यात तो शब्द त्या दिवशी शिरलाच नाही. पिशवी आणि बादली, एवढंच फिरत राहिलं. दीड महिना ती माझी पिशवी वाहत होती, कारण मी ओझं उचलू नये हे तिला माहीत होतं. पळू नये हेही माहीत होतं. बादली तिनं अडवली, पळणं अडवलं नाही.

वॉर्ड

मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घातलं. रोज सकाळी सुई, दिवसातून तीनदा गोळ्या. सुईनंतर तासभर ओठांभोवती मुंग्या यायच्या. पहाटे फरशी पुसायला यायचे, मग चहा, मग तापाची नोंद, मग डॉक्टरांची फेरी. प्लॅस्टरच्या आत खाज सुटली की जीव नकोसा व्हायचा. वॉर्डातल्या आयाबाईंनी लोकर विणायची लांब सुई आणून दिली आणि नर्सबाईंना दाखवू नको म्हणाल्या. त्या सुईचे उपकार मी आजही मानते.

शेजारच्या खाटेवर भागाबाई होती, पाथर्डीकडची. दर साल कोपरगाव-राहुरीकडे ऊस तोडायला जाणारी. तिच्या मणक्याला तोच आजार होता, त्यामुळे ती उताणी निजून असायची. माझी हकिकत ऐकल्यावर ती आढ्याकडे बघत म्हणाली, "मला बी मुकादम म्हनला हुता, पाठ धरली आसंल, उन्हात तापली की सुटंल. त्याला टोळी पुरी पायजे हुती. तुह्या सराला बी टोळीच पायजे हुती."

"पन माझी मैत्रीण हुती ती," मी म्हणाले. वॉर्डात राहून मी पुन्हा आईसारखी बोलायला लागले होते.

 भागाबाईचा नवरा तिला इथे सोडून गेला होता, तो परत आला नव्हता. मी त्यानंतर तिच्यापुढे माझं गाऱ्हाणं फारसं काढलं नाही.

आई पहिल्याच दिवशी आली आणि माझ्या खाटेखाली सतरंजी टाकून राहिली. आण्णा अकराव्या दिवशी आले. दारात उभे राहून प्लॅस्टर पाहिलं आणि म्हणाले, "गावात पाय मोडला म्हनून सांगितलंय. तुमी बी तेच सांगा."

"पाय मोडला न्हाई, आण्णा."

"ते आमाला म्हाईत हाय. नेवाशाच्या पाव्हन्यांला म्हाईत व्हायला नको."

नेवाशाच्या एका घरी माझ्या लग्नाची बोलणी चालू होती, ती मला त्या दिवशी कळली. मी विचारलं, "सरांला जाऊन इचारलं का तुमी? त्यांनी जबाबदारी घेतली हुती."

आण्णा खिडकीकडे वळले. "इचारलं तर चार लोकांत बोभाटा हुईल," म्हणाले. आईनं त्यांना पाणी दिलं. ते न पिता गेले. सरांनी मला फसवलं तेव्हा राग आला होता. आण्णा गेले तेव्हा राग आला नाही. अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं.

सर भेटायला आले

महिन्याभरानं सर आले. मोसंबी आणली होती. आई त्यांना पाहून बाहेर निघून गेली.

मी कागदाचं विचारलं. त्यांनी नाकारलं नाही, हे खरं. स्टुलावर बसून हातातला रुमाल घडी करत म्हणाले, "तुला सांगितलं असतं, तर तू थांबली असतीस का? खरं सांग."

या प्रश्नानं मला कित्येक महिने छळलं. कदाचित मी थांबले नसते. कदाचित पट्टी आवळून तशीच पळाले असते. पण ते मी ठरवलं असतं. तेव्हा मात्र हे सुचलं नाही. मी गप्प राहिले आणि सरांना वाटलं मी मान्य केलं.

"विभागाचे सामने आपल्याकडेच आहेत," ते म्हणाले. "डॉक्टरांना विचारलंय. दोन तास खुर्चीत बसायला हरकत नाही म्हणतात. तू नुसती दिसलीस तरी पोरींना धीर येईल."

मी येते म्हणाले. आईनं विचारलं, "शाले, कशाला जातीस?" तिला सांगितलं, संघासाठी. खरं कारण वेगळं होतं. कुंदा एकदाही भेटायला आली नव्हती. माझा पाय बघताना तिचं तोंड कसं होतं, ते मला बघायचं होतं.

दुसऱ्यांदा बसले ते

खुर्ची खांबाच्या रेषेपासून जरा लांब, कडेला ठेवली होती. प्लॅस्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर, वर शाल. पाहुण्यांनी मला हार घातला. लाउडस्पीकरवरून सांगितलं, की खेळताना झालेली दुखापत सोसून ही खेळाडू आपल्या संघासाठी इथं आली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. आण्णांनी गावात सांगितलेलं खोटं आता मीही चारचौघांत सांगितल्यासारखं झालं.

कुंदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिची वेणी दुसऱ्या कुणीतरी घातली होती, सैल. "शालन, कशी आहेस?" तिनं पायाकडे पाहिलं नाही.  शिट्टी झाली आणि ती गेली.

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या डावात पाठलाग आमच्याकडे होता आणि समोरच्यांची एक उंच मुलगी काही केल्या बाद होईना. ती दर वेळी माझ्या बाजूच्या खांबाकडे यायची, कुंदाला एका बाजूची हूल द्यायची आणि दुसरीकडून निसटायची. दोन वेळा पाहिल्यावर मला तिची खोड कळली. डावीकडे निसटायचं असलं की ती त्याआधी उजवा हात पोटाशी घ्यायची. दर वेळी.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मला हात दिसला. कुंदा मागून येत होती. एक शब्द पुरला असता. खांबापर्यंत ऐकू गेला असता. कुंदानं पळता पळता माझ्याकडे पाहिलं, पूर्वी पाहायची तसंच. मी शालीची घडी सारखी केली.

ती मुलगी निसटली. पुढच्या फेरीला पुन्हा तेच झालं. कुंदानं पुन्हा पाहिलं. मी पुन्हा बोलले नाही.

आम्ही एका गुणानं हरलो. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. कुंदा सोडून त्यांतल्या कुणालाच कागदाबद्दल काहीही माहीत नव्हतं. त्यांनी माझं काही बिघडवलं नव्हतं. त्यांतली एक धाकटी रडत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही इतक्या त्रासात आलात आणि आम्ही हरलो. माफ करा."

टांग्यात बसून परतताना मी गळ्यातला हार काढून शालीखाली लपवला. 

कुंदा

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळी कुंदा आली. स्टूल रिकामं असून उभीच राहिली.

"ती कुठं वळते ते तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का बोलली नाहीस?"

शेजारी भागाबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. कुंदा मग बसली. हळूहळू सांगत गेली. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले. घरात ती मोठी. शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जागा मिळायला जिल्हा जिंकल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. सर म्हणाले होते, शालन नसली तर आपण पहिल्याच फेरीत बाहेर, आणि दीड महिन्यानं असं काय मोठं बिघडणार. डॉक्टरांनी कोण म्हणून विचारलं तेव्हा तिच्या तोंडून बहीण असं निघून गेलं होतं.

"मला रोज वाटायचं आज सांगावं," ती म्हणाली.

"मग?"

"मग सराव सुरू व्हायचा."

ती रडत होती. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि घेतलं नाही. ती जायला निघाली तेव्हा मी विचारलं, "जागा मिळाली का?"

"मिळाली."

कुंदाला माफ केलंस का, असं मला अजून विचारतात. नाही. पण त्या मैदानावर मी जे केलं त्याची माफी मी कुणाकडेच मागितली नाही, तेव्हा हिशेब विचारायला मी काही फार मोठी नाही.

बरं होणं

प्लॅस्टर निघालं तेव्हा आत पाय नव्हताच जणू, काठी होती, सालपटं सुटलेली. आईनं कोमट पाणी घेऊन तो तासभर धुतला. गुडघा पुन्हा वाकला नाही. डॉक्टर म्हणाले, आजार गेला, सांधा गेला. दीड महिना आधी आली असतीस तर, एवढं बोलून ते थांबले. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

भागाबाई माझ्याआधी सुटली होती. तिला न्यायला तिचा भाऊ आला. जाताना तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला.

आता मुली मला विचारतात, ताई, संघ खेळतोय आणि आपण बाहेर, तर कसं वागायचं? टाळ्या वाजवायच्या का? तोंड पाडून बसलं तर चालेल का? मी सांगते, आधी तुमचा कागद स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर परक्या माणसाकडून वाचून घ्या, ज्याला तुमच्या पळण्याची गरज नाही अशाकडून. सोंग म्हणून बसू नका, कुणी कितीही गोड बोललं तरी. आणि मनात कुणाबद्दल विष असेल तर त्या दिवशी मैदानावर जाऊ नका, घरी बसा. गेलात, तर जे दिसतं ते बोला. तिथं खेळणाऱ्या सगळ्याच तुमच्या गुन्हेगार नसतात.

घरी

पाऊस तोंड दाखवत नव्हता, त्या दिवसांत आण्णा मला कोल्हारला न्यायला आले. एसटीच्या थांब्यापासून बैलगाडी केली होती. वाटेत ते एकदाच बोलले, "घरी बाया जमल्यात. इचारलं तर काय सांगायचं ते ठावं हाय ना?"

ओसरीवर दहा-बाराजणी होत्या. भाऊ होते, चुलते होते. मी कुबडीवर पायऱ्या चढले, न वाकणारा पाय आडवा टाकत. एक चुलती पुढे झाली आणि तिनं गालाला हात लावून विचारलं, "काय गं बाई हे, खेळताना मोडला व्हय पाय?"

आण्णा माझ्या मागेच होते. त्यांचं खाकरणं मला ऐकू आलं.

"मोडला न्हाई, काकू," मी म्हणाले. "गुडघ्यात क्षय झाला हुता. आता बरा हाय. पाय वाकायचा न्हाई."

 दोघी-तिघी नकळत मागे सरकल्या. चुलतीचा हात माझ्या गालावरून निघाला, हवेत थांबला. नेवाशाचं घर तिथंच संपलं, हे मला कळलं, आईलाही कळलं. तिनं डोळे मिटले होते.

आण्णा पायऱ्या चढून वर आले. मला वाटलं ते आत निघून जातील. त्यांनी टोपी काढली, खुंटीला अडकवली आणि आईकडे न बघता म्हणाले, "हुबी कशाला ठेवली तिला? बाज टाका."

आईनं बाज टाकली. आण्णांनी माझी कुबडी धरली आणि मी पाय सरळ लांब करून सगळ्यांसमोर बसले.